नकल्याचा स्वतःचा खेळ

आमच्या नकल्याला नकल्या हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. चार वर्षांचा असेल, शेजारचे म्हातारे काका चपला ओढत ओढत कसे चालतात ते त्याने त्यांच्याच मागे चालून दाखवलं. काकांनी वळून बघितलं तर हा तिथल्या तिथे थांबला आणि त्यांच्यासारखाच चष्मा वर सरकवून बघायला लागला, नाकावर चष्मा नसताना. काका रागावले नाहीत, हसता हसता त्यांना ठसका लागला, मग हा त्या ठसक्याचीही नक्कल करायला लागला तेव्हा ताईने त्याला दंडाला धरून घरात नेलं. ताई म्हणजे त्याची आई, आमची मोठी बहीण. तुझं स्वतःचं तोंड कुठे ठेवून आलास रे, ते आधी घेऊन ये, असं ती त्याला म्हणायची. चेष्टेत म्हणायची. तेव्हा ती चेष्टाच होती.

ताई छापखान्यात बाइंडिंगला आहे. नवरा गेल्यावर लागली ती तिथलीच झाली. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालायच्या, त्या घडीला फर्मा म्हणतात, मग सगळ्या फर्म्यांचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने लावायचे आणि टेबलाच्या कडेकडेने चालत एकेक उचलत पुस्तक जुळवायचं. दिवसभर चालणंच. एक फर्मा उलटा लागला तर पुस्तक वाया, म्हणून डोळ्यांत तेल घालून काम करायचं. नकल्या शाळा सुटली की तिथेच यायचा, घरी होतं कोण. मागे जेवायची खोली होती, तिथे मालकाने कुठून तरी आणलेलं टेबल टेनिसचं एक टेबल होतं, एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठे घातलेले.

जेवणाच्या सुट्टीत सगळे तिथे खेळायचे. कटिंग मशीनवाला बॅट अशी धरायचा की जणू कुणाला मारायला निघालाय. शाईवाला दर फटक्याला हुंकार द्यायचा. प्रुफं तपासणारे मास्तर जागचे हलायचे नाहीत, चेंडू त्यांच्या हातापर्यंत चालत आला तरच मारायचे. नकल्या सात वर्षांचा, कागदाच्या दोन रिमांवर उभा राहून खेळायचा, आणि मास्तरांशी खेळताना शाईवाल्यासारखा खेळायचा, शाईवाल्याशी खेळताना मास्तरांसारखा. लोकांच्या हातातला घास तोंडात जात नसे, इतके हसायचे. एक दिवस कटिंगवाला हसता हसता गप्प झाला. ताईला म्हणाला, ताई, आम्ही हसतोय खरं, पण गेला महिनाभर हे पोरगं आम्हाला हरवतंय.

त्यानेच नकल्याला सरांकडे नेलं. सर म्हणजे स्टेडियमच्या मागच्या हॉलमध्ये शिकवणारे. आठ टेबलं, खिडक्यांना काळा कागद लावलेला, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. सर कमी बोलायचे आणि बोलले की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. नकल्याला त्यांनी अर्धा तास खेळवलं आणि ताईला सांगून टाकलं की उद्यापासून रोज पाठवा, आणि याला आधी जेवू घाला, हाडं दिसतायत.

लहानांच्या स्पर्धांत तो जिंकत गेला. कसा जिंकायचा, तर समोरच्याचाच खेळ समोरच्याला परत द्यायचा. तू जशी सर्व्हिस करतोस तशीच मी करतो, तू जसा घाम पुसतोस तसाच मी पुसतो. पोरं चिडून चेंडू जाळ्यात घालायची. एका पोराची आई तर भांडायलाच आली, हा माझ्या मुलाला वेडावतो म्हणून. नकल्या ती बोलत असताना तिच्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा होता. ताईने डोळे वटारले तेव्हा हात खाली आले.

पण मोठ्यांच्यात ते चालेना. मोठ्या खेळाडूला स्वतःसारखा खेळणारा समोर आला तर तो गडबडत नाही, त्याला स्वतःचं दुखणं पुरतं माहीत असतं, तो नेमकं तिथेच मारतो. एकोणिसाव्या वर्षी नकल्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीत बाहेर पडायला लागला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ताई विचारायची काय झालं, तर म्हणायचा काही नाही.

तेव्हा एका मोठ्या क्लबाने सरांना बोलावून घेतलं, आणि सरांनी नकल्याला सोबत नेलं. खेळाडू म्हणून नव्हे. तिथे एक काम असतं, ते आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. क्लबाचा मुख्य खेळाडू पुढच्या आठवड्यात ज्याच्याशी खेळणार असेल, त्याच्या खेळाचे व्हिडिओ बघायचे, त्याच्यासारखं खेळायला शिकायचं, आणि आपल्या खेळाडूला त्याची सवय करून द्यायची. सरावातला भिडू. पण पूर्ण नोकरी, करार, क्लबाचा ट्रॅकसूट, राहायला खोली. नकल्याकडे आठ बॅटी झाल्या. कुणी एका बाजूला दाणेवालं रबर लावतो, त्यावरून चेंडू डगमगत येतो, कुणी मऊ लावतो, कुणी अगदी मेलेलं. ज्याचं सोंग त्याची बॅट. डाव्या हाताने खेळणारे फार झाले तेव्हा हा सहा महिन्यांत डाव्या हाताने खेळायला शिकला, डाव्या हाताने जेवायलाही लागला. सर म्हणायचे, असा माणूस अख्ख्या देशात दुसरा नाही. आणि ते खोटं नव्हतं.

त्या क्लबाचा खेळाडू म्हणजे लंब्या. नकल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, छतापर्यंत पोचलेला, स्वभावाने गरीब, खेळताना मात्र वाघ. दोघं एकाच खोलीत राहायचे. लंब्या जिंकायला लागला, पेपरात फोटो यायला लागले. छापखान्यात सगळे फोनवर सामने बघायचे. ताई कामातून मान वर काढून विचारायची, दिसला का. शाईवाला म्हणायचा, दिसला ना, पाठ दिसली, लंब्याच्या मागे बाकावर टॉवेल घेऊन बसलाय. मग ताई येऊन ती पाठ बघून जायची.

रविवारी त्याचा फोन यायचा. आई, या आठवड्यात मी डावखुरा होतो. आई, या आठवड्यात मी अडतीस वर्षांचा होतो, गुडघा दुखतो माझा. एकदा मुलींच्या संघाने त्याला मागून नेलं, तर म्हणाला, आई, मी चार दिवस बाई होतो. ताई म्हणाली, मग लग्नाचं बघू का तुझ्या. दोघं खूप हसले. हसून झाल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तू, तूच कधी असतोस रे?"



"असतो की," तो म्हणाला. "एकदा खेळून दाखवतो तुला. माझ्या नावाने सामना लागला की तू ये."

तेवढ्यावर ताईने दोन वर्षं काढली. तिला कप नको होता, पेपरात फोटो नको होता. आपलं पोरगं स्वतःचं म्हणून कसं खेळतं ते एकदा बसून बघायचं, एवढंच तिच्या मनाने घेतलं होतं. बाइंडिंगच्या टेबलाभोवती फिरताना ती बायकांना सांगायची, बोलावणार आहे तो मला. बायकाही विचारायच्या, काय ताई, आलं का बोलावणं. आधी कौतुकाने विचारायच्या, नंतर नंतर विचारायच्या नाहीत.

तो चोवीस वर्षांचा झाला तेव्हा देशाच्या संघात एक जागा रिकामी झाली. आठ जणांना बोलावून एकमेकांशी खेळवायचं आणि पहिला येईल त्याला घ्यायचं असं ठरलं. लंब्याचं नाव त्यात होतंच. सरांनी नकल्याचंही नाव घातलं, त्याला न विचारता. त्याला बोलावून सांगितलं की महिना आहे हातात, आता कुणाचं सोंग घ्यायचं नाही, स्वतःची एक बॅट उचल आणि स्वतःची तयारी कर. हा म्हणाला, आणि लंब्याला आठांतल्या त्या डावखुऱ्याची तयारी कोण करून देणार. सर म्हणाले, ते मी बघतो. पण बघणार कसे, तसा माणूसच नव्हता दुसरा. चार दिवस लंब्या भिंतीशी खेळल्यासारखा खेळत होता, ते नकल्याला बघवेना. पाचव्या दिवशी तो स्वतःहून डाव्या हातात बॅट घेऊन लंब्याच्या समोर उभा राहिला. सर ओरडले, मग गप्प बसले. सकाळी लंब्याची तयारी आणि उरलेल्या वेळात स्वतःची, असं महिनाभर चाललं. ताईला हे सगळं नंतर कळलं.

ताईला कळलं ते एवढंच की बोलावणं आलं. दोन दिवसांची रजा टाकली, नवी साडी नेसू की नको यात सकाळ घालवली, आणि बसमध्ये सहा तास बसून गेली. हॉलमध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकी होत्या, ती सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसली. फळ्यावर त्याचं खरं नाव लिहिलेलं होतं. ते तिने तीनदा वाचलं.

तो जिंकत गेला. सहाच्या सहा सामने. ताईचे पाय जमिनीवर नव्हते. पण मनात एक गोष्ट टोचत होती, ती तिने कुणाला सांगितली नाही. रविवारी फोनवर तो एकेकाचा खेळ रंगवून सांगायचा, त्यामुळे तिला सगळे ओळखता यायला लागले होते. हा फटका त्या गुडघेदुखीवाल्याचा. ही सर्व्हिस त्या डावखुऱ्याची, उजव्या हाताने केलेली. हा टेबलापासून लांब जाऊन चेंडू कापणारा कुणीतरी परदेशातला. हे उचल, ते उचल, पुस्तक जुळवतात तसं चाललं होतं. ती वाट बघत होती, यातला माझा कधी येतो.

शेवटचा सामना लंब्याशी. त्यानेही सहा जिंकले होते, म्हणजे जो जिंकेल तो संघात. पाच डावांचा सामना, अकरा गुणांचा डाव. दोन नकल्याने घेतले, दोन लंब्याने. पाचव्यात नकल्या नऊ, लंब्या सहा. दोन गुण हवे होते. शेजारच्या बाईने न मागता ताईला पाणी दिलं.

तेव्हा नकल्याने लंब्याच्या उजव्या बाजूला अगदी कडेला एक चेंडू टाकला. लांब हात असूनही लंब्याचा तो चेंडू नेहमी चुकायचा, तीन वर्षं त्यावर दोघांची घासाघीस चालली होती. चुकला. दहा-सहा. आता एकच गुण. नकल्याने सर्व्हिस केली, आलेला चेंडू पुन्हा तिथेच टाकला, त्याच कडेला, त्याच वेगाने, जरासा सोपा करून. लंब्याने हात टाकला, चेंडू नकल्याच्या बाजूला टेबलाच्या काठाला चाटून गेला, गुण लंब्याचा. दहा-सात. आणि नकल्याच्या तोंडून निघालं, "परत."

सरावात असंच असतं. चुकलेला चेंडू भिडूने पुन्हा द्यायचा, बसेपर्यंत द्यायचा, सोडायचा नाही. त्याला कळलंही नसेल आपण काय बोललो. ताईला ऐकू आलं. सरांना आलं, त्यांनी कपाळावर हात मारला. पुढचा चेंडू पुन्हा तिथेच. या वेळी लंब्याने तो असा मारला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि नकल्या मान डोलावून म्हणाला, "आत्ता बरोबर." चेहरा उजळला होता त्याचा. खरंच उजळला होता, ताईने बघितला.

मग त्याच्या ध्यानात आलं. तो फळ्याकडे बघत राहिला. नंतरचे गुण कुणाच्याच खेळासारखे नव्हते, हातच थांबल्यासारखा झाला. अकरा-तेरा असा तो हरला.

बाहेर व्हरांड्यात नळाखाली डोकं धरून तो उभा होता. ताई मागे जाऊन उभी राहिली. तिला फार राग आला होता. एवढंच म्हणाली, "तुझं होतं रे ते. का दिलंस?"

"दिलं नाही आई. द्यायचं ठरवून नाही दिलं." नळ चालूच होता. "मला वाटलं सकाळ आहे."

लंब्या आला. त्याला ताईच्या पाया पडायचं होतं, ताईने पाय मागे घेतले. ते तिला अजून खुपतं. त्या पोराचं त्यात काय होतं.

नकल्या कामावर परत गेला, तेच काम, त्याच आठ बॅटी. पण रविवारच्या फोनवर या आठवड्यात मी अमका होतो हे सांगणं बंद झालं. जेवलीस का, पाय दुखतात का, एवढंच. एकदा ताईने विचारलं तर म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे, या वेळी लंब्या नसेल त्यात, या वेळी दाखवतो.

पुढचं वर्ष आलं ते त्याच्या तापाने. ताप जाईना, अंगावर निळे डाग उठायला लागले, तेव्हा रक्ताचा आजार निघाला. सात महिने. ताई बिनपगारी रजेवर, दवाखान्यात खुर्चीवर. तिथेही त्याने सगळ्यांना हसवलं. मोठे डॉक्टर फेरीला यायचे, कागद वाचता वाचता खालचा ओठ चावायचे, ते गेले की हा उशीला टेकून कागद घेऊन खालचा ओठ चावायचा, सिस्टर तोंडाला रुमाल लावून पळायची. एक दिवस ताई त्याला म्हणाली, सगळ्यांचं करतोस, मला तुझं दाखव ना. पलंगावर बसल्या बसल्या दाखव, बॅट कशी धरतोस, पहिलं पाऊल कसं टाकतोस. त्याने हात वर केला, थोडा वेळ तसाच धरला, मग खाली ठेवला.

"थांब ना आई. बरा झालो की उभा राहून दाखवतो."

सव्विसावं लागलं होतं त्याला, तो गेला तेव्हा. दुपारची वेळ होती, ताई त्याचे पाय दाबत होती.

त्यानंतर महिन्याभराने लंब्या घरी आला, खोलीवरचं सामान घेऊन. कपडे, बूट, ती बॅटींची बॅग. आता तो देशाच्या संघात खेळतो, तरी दारात उभा राहून आत येऊ का असं दोनदा विचारलं त्याने. ताईने चहा केला. त्याने बूट ठेवले तिथे ती बघत राहिली, मग म्हणाली, तू त्याच्याशी रोज खेळायचास. तो कसा खेळायचा ते मला करून दाखव.

लंब्या कावराबावरा झाला. म्हणाला, काकू, मला त्याचा खेळ माहीत नाही. चार वर्षं रोज खेळलो, पण रोज तो दुसराच कुणीतरी असायचा. ताईने मान हलवली. त्याला वाटलं झालं, सुटलो. कप खाली ठेवला आणि मग त्यालाच काहीतरी आठवलं.

"सर यायच्या आधी दहा मिनिटं असायची," तो म्हणाला. "हात मोकळा करायला आम्ही नुसता चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे करायचो. गुण नाहीत, काही नाही. तेव्हा तो कुणीच नसायचा, काकू."

"म्हणजे तोच असायचा," ताई म्हणाली. "ते कर."

खोली लहान. स्टूल सरकवलं, कपड्यांची दोरी वर गुंडाळली. लंब्या पंख्याला डोकं लागू नये म्हणून वाकून उभा राहिला, हात हलवला. ताईला हसू आलं, इतक्या दिवसांनी. कारण लंब्याला नकला अजिबात येत नाहीत. तो वाघासारखा उभा राहिला होता. ती म्हणाली, असा नाही, तो इतका ताठ नव्हता. खेळ तिला माहीत नव्हता, पण अंग माहीत होतं, तिनेच वाढवलेलं. वरच्या फळीवरचा डबा काढताना तो डावा खांदा कसा टाकायचा, हाक मारली की आधी मान वळायची आणि मग पाय, ते सगळं तिने उठून त्याला सांगितलं, खांद्याला हात लावून खांदा खाली केला. लंब्या म्हणाला, हो हो, चेंडू यायच्या आधी तो असाच असायचा, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मग मनगट त्याला आठवलं. मनगट फार हलकं होतं म्हणाला, चेंडूला हात लावून बघितल्यासारखं.

त्या दिवशी जमलं नाही. लंब्या गावात असला की येतो. ताई छापखान्यातून लवकर निघते, स्टूल आधीच बाजूला करून ठेवते. तो त्या पंख्याखाली वाकून उभा राहतो, ती पलंगाच्या कडेला बसून बघते. परवा मान आणि खांदा दोन्ही बरोबर आले होते, अगदी क्षणभर. मग लंब्या दमून त्याच्या नेहमीच्या उंचीला सरळ झाला आणि ती म्हणाली, बस जरा, पाणी पी, मनगट अजून जड आहे तुझं.